डिजिटल चित्रात पैठणी चमकवायची तर

‘ताई, साडी प्लास्टिकची का दिसतेय?’ लग्नपत्रिकांसाठी नवरा-नवरीची चित्रं काढायला लागलेली मुलंमुली मला हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात. पाठवलेली फाइल उघडली की कारणही बहुतेक वेळा तेच निघतं. राणी रंगाचा सपाट थर, त्यावर मऊ एअरब्रशने ओढलेले पांढरट पट्टे आणि सावली म्हणून तोच राणी रंग जरासा गडद. साडी चमकावी म्हणून उजेड वाढवत नेलेला असतो, अंधार मात्र चित्रात कुठेच नसतो. कापडाची चकाकी उजेडाइतकीच त्याच्या शेजारच्या अंधारावर अवलंबून असते. सुती कापडात उजळ भागापासून गडद भागापर्यंत रंग निवांत उतरत जातो, रेशमात तेच काम बोटभर अंतरात उरकतं.

मी नाशिकला असते. येवला जवळ असल्यामुळे असेल, पण माझ्याकडच्या दहातल्या आठ नवरींना चित्रात पैठणीच हवी असते. म्हणून इथे पैठणी धरूनच सांगते. सॅटिनचा लेहंगा किंवा रेशमी सोवळं काढायचं असेल तरी यातलं निम्मं तसंच लागू पडेल. मी क्रिटा वापरते, कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. तुम्ही प्रोक्रिएट, फोटोशॉप किंवा आयबिस पेंट वापरत असाल तर बटणांच्या जागा बदलतील, एवढंच.

आधी खरं कापड बघा

घरात एखादी रेशमी साडी असतेच. ती खुर्चीच्या पाठीवर टाका, पदर खाली सोडा, खोलीतले बाकीचे दिवे बंद करा आणि डाव्या बाजूला, साडीपेक्षा थोडा उंच, एकच टेबललॅम्प लावा. खुर्चीच्या पाठीवरून कापड जिथे वळतं तिथे एक बारीक उजळ पट्टी दिसेल. ती बरोबर माथ्यावर नसते, दिव्याच्या बाजूला थोडी सरकलेली असते. आता जागेवरून न उठता डोकं डावीकडे-उजवीकडे हलवा. पट्टीही सरकते. शेजारी टॉवेल टाकून तेच करून बघा, काहीच हलत नाही. सावली दिवा आणि कापड मिळून ठरवतात, चकाकीच्या जागेत तिसरा वाटेकरी असतो, तो म्हणजे तुमचा डोळा. चित्रात डोळा एकाच जागी असतो, म्हणून हायलाइट, म्हणजे ही उजळ पट्टी, कुठे पडणार हे ब्रश उचलायच्या आधी ठरलेलं हवं. मी कोपऱ्यात एका वेगळ्या लेयरवर दिव्याचा बाण काढून ठेवते आणि चित्र संपेपर्यंत तो लेयर पुसत नाही.

दिवा केवढा आहे हेही ठरवून टाका. मोठ्या खिडकीचा उजेड असेल तर हायलाइट रुंद आणि कडा मवाळ. उघडा बल्ब किंवा दुपारचं ऊन असेल तर हायलाइट अरुंद आणि चाकूने कापल्यासारखा.

मोबाइलवर संदर्भाचा फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅश लेन्सच्या शेजारूनच पडतो, त्यामुळे घड्यांच्या सावल्या घड्यांच्याच मागे लपतात आणि सगळं सपाट होतं. स्क्रीनवर जरीच्या सगळ्यात उजळ जागी बोट दाबून उजेड कमी करा, नाहीतर जर जळून पांढरी येते आणि तिच्यातले तपकिरी रंग कायमचे गेलेले असतात. लग्नाच्या फोटोग्राफरचे फोटो घड्या बघायला उत्तम, पण उजेडासाठी बिनकामाचे. दोन बाजूंनी दिवे मारलेले असतात, अंधार उरतच नाही.

पाया गडद ठेवा

साडीचा पायाचा रंग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा गडद घ्या. राणी रंगाची पैठणी असेल तर एचएसव्हीच्या पट्ट्यांवर (ह्यू म्हणजे कोणता रंग, सॅच्युरेशन म्हणजे तो किती भडक, व्हॅल्यू म्हणजे किती उजळ) माझे आकडे साधारण असे असतात: ह्यू ३३०, सॅच्युरेशन ८०, व्हॅल्यू ५०. स्क्रीनवर हे मळकट दिसतं. दिसू दे. रेशमाचा हायलाइट व्हॅल्यू ८८-९० पर्यंत जाणार, जरीचा त्याच्याही वर ९७ पर्यंत, म्हणून वर चढायला जागा आत्ताच राखून ठेवायला हवी. पाया ८० वर ठेवला की उजेडाला जायला पांढऱ्याशिवाय दुसरी जागाच उरत नाही, आणि प्लास्टिक तिथेच सुरू होतं.

सावलीचा रंग: ह्यू ३१५ कडे, म्हणजे जांभळ्याच्या बाजूला, सॅच्युरेशन ८५, व्हॅल्यू २५. आणि दोन निऱ्यांमधली अगदी खोल फट मात्र पुन्हा लालसर: ह्यू ३४५, व्हॅल्यू १० च्या आसपास. खोल घडीत शिरलेला उजेड त्याच रंगाच्या दोन भिंतींवर आपटत राहतो, दर वेळी थोडा जास्त राणी होतो, म्हणून तिथला अंधार करडा नसतो. करड्या रंगाने मल्टिप्लाय लेयर (खालचा रंग गडद करणारा) मारून सावल्या करणाऱ्यांची साडी धुळकट दिसते ती यामुळेच. मल्टिप्लाय वापरायचाच तर त्यात जांभळा भरा. मी नॉर्मल लेयरवरच रंग उचलून रंगवते, हात जास्त ताब्यात राहतो.

घड्यांबद्दल एकच गोष्ट. कापड कशाला तरी लटकलेलं असतं, आणि घड्या त्या जागेपासून निघतात: खांद्यावरची पिन, कंबरेला खोचलेली जागा, दुमडलेलं कोपर. जरीच्या पदराची पैठणी जड आणि जरा ताठ असते, तिच्या घड्या मोजक्या, मोठ्या आणि कोनदार पडतात. भरपूर बारीक लाटा काढल्यात तर जॉर्जेट होईल, मग वर कितीही मोर काढा.

समोरच्या निऱ्या म्हणजे शेजारी शेजारी उभी केलेली अर्धी नळकांडी समजा. दिवा डावीकडे असेल तर एका नळकांड्यावर डावीकडून उजवीकडे जाताना काय काय लागतं बघा. अगदी कडेला पायाचा रंग. मग लगेच हायलाइट, म्हणजे कडेवर नाही, कडेच्या आत. मग पुन्हा पाया, पण थोडाच. मग झटकन गडद सावली. त्या सावलीच्या उजव्या टोकाला, फटीच्या आधी, शेजारच्या निरीवरून परतलेल्या उजेडाची बारीक पट्टी: ह्यू ३३५, सॅच्युरेशन ९०, व्हॅल्यू ३८. आणि मग फट. ही परतलेल्या उजेडाची पट्टी नवीन मंडळी हमखास विसरतात, आणि रेशीम रेशमासारखं दिसतं ते बरंचसं तिच्यामुळे. ती पायाच्या रंगापेक्षा उजळ मात्र होता कामा नये.

हायलाइटला दोन कडा असतात आणि दोन्ही सारख्या नसतात. कठीण गोल ब्रशने हायलाइट ठेवा, मग स्मजने (रंग पसरवणाऱ्या ब्रशने) फक्त एकच बाजू ओढा. कापड जिकडे झटकन वळतं तिकडची कड धारदार राहू द्या, जिकडे सावकाश उतरतं तिकडची विरू द्या. लांबीतही तो सारखा नको. घडी कोपरापाशी मोडते तिथे सगळ्यात रुंद आणि उजळ, मग निमुळता, मध्येच तुटलेला, पुढे पुन्हा एखादा ठिपका. वरपासून खालपर्यंत एकाच जाडीची रेघ ओढली तर साडीला पाइप फुटतात. एअरब्रश मी फक्त पहिल्या मोठ्या सावलीसाठी वापरते. नंतर तो बंद.

आणि रेशमात शुद्ध पांढरा कुठेच नको. रेशीम धातू नाही, त्याच्या पृष्ठभागावरची चमक दिव्याचा रंग घेते आणि खालचा राणी रंग त्यात मिसळतो. खिडकीचा उजेड असेल तर ह्यू ३४०, सॅच्युरेशन ४५, व्हॅल्यू ८८. मांडवातले पिवळे दिवे असतील तर ह्यू ८-१० पर्यंत नेते, पीचच्या बाजूला.

धूपछाव

काही पैठण्यांत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो. कापड फिरवलं की कधी हिरवा दिसतो, कधी निळा. इथे नुसतं उजळ-गडद करून भागत नाही, उताराप्रमाणे ह्यूच बदलावा लागतो. मोरपंखी साडी असेल तर मी आधी घडीचे सगळे पृष्ठभाग दोन गटांत वाटते, डोळ्यासमोर आलेले आणि बाजूला वळलेले. पहिल्यांना हिरवा, ह्यू १६५. दुसऱ्यांना निळा, ह्यू २१०. व्हॅल्यू दोन्हीची सारखीच. नंतर वर सांगितल्याप्रमाणे उजेड-सावली चढवते. दोन रंगांची सरमिसळ ब्लर करून होत नाही, जिथे ते भेटतात तिथे धाग्यांच्या दिशेने बारीक ब्रशचे तुटक फटकारे एकमेकांत घुसवा. गिऱ्हाइकाला दाखवताना हा भाग झूम करून दाखवावा, पैसे वसूल होतात.

जर म्हणजे धातू

खरी मजा काठात आणि पदरात आहे. एकाच साडीत दोन पदार्थ आहेत हे इथे कळतं, आणि दोघांचे नियम वेगळे. पूर्वी जर म्हणजे चांदीची तार आणि वर सोन्याचा मुलामा. आता अस्सल चांदीची जर महाग पडते म्हणून तांब्यावर चांदी चढवलेली किंवा त्याहून स्वस्तातली वापरतात, आणि बराचसा माल सुरतेचा असतो. काहीही असलं तरी ती धातूसारखीच वागते. तिचा हायलाइट स्वतःच्या रंगाचा, पिवळाच. आणि समोर उजेड नसेल तर ती जवळजवळ विझते.

टेबललॅम्पखालचा पदर पुन्हा बघा, अगदी नाक लावून. पदराची जमीन जरीची, त्यावर रेशमाचे मुनिया (पोपट), कमळं नाहीतर बांगडीमोर. दिव्याकडे वळलेल्या भागात जमीन लखलखते आणि तिच्यापुढे हिरवा मुनिया गडद दिसतो. तोच पदर घडीत वळून सावलीत गेला की गंमत होते: जर तपकिरी होऊन खाली बसते आणि मुनिया तिच्यापेक्षा उजळ दिसायला लागतो. उजेड-गडदाचं नातं उलटं होतं. हे एक पकडलंत की बाकी तपशील थोडा कमी पडला तरी चालतो, बघणाऱ्याला जर पटते. नक्षीचा लेयर एकाच ब्राइटनेसने चिकटवला तर हे कधीच येत नाही.

मी करते ते असं. काठ आणि पदर वेगळ्या लेयरवर सपाट काढून ठेवते, नारळी काठ, मोर, बुट्टी सगळं सरळ. जरीचा एक लेयर, रेशमी नक्षीचा त्याच्यावर दुसरा. मग ट्रान्सफॉर्म टूलमधला वॉर्प किंवा केज वापरून दोन्ही एकत्र घडीवर बसवते. घडीच्या फटीत नक्षी तुटली पाहिजे, मोराचं अर्धं डोकं आत गेलं पाहिजे. हातमागावरच्या पैठणीची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते, त्यामुळे पदराचं टोक उलटलेलं दाखवायचं असेल तर तिथेही नक्षी काढा, कोरं ठेवू नका.

जरीचे आकडे: पाया ह्यू ४०, सॅच्युरेशन ६५, व्हॅल्यू ५५. सावली ह्यू २६, सॅच्युरेशन ७५, व्हॅल्यू २२. म्हणजे सोन्याची सावली पक्की तपकिरी, काळी नाही आणि हिरवट तर नाहीच. पिवळ्यात काळा मिसळला की शेवाळ्याचा रंग येतो, ते टाळा. हायलाइट ह्यू ४८, सॅच्युरेशन ३०, व्हॅल्यू ९७. मधल्या पायऱ्या कमीत कमी. आजीची जुनी पैठणी असेल तर सगळंच थोडं खाली उतरवा आणि सावल्यांत जरा करडेपणा येऊ द्या, मुलामा झिजून चांदी काळवंडलेली असते.

धागे एकेक करून काढू नका. हायलाइट आणि सावली जिथे भेटतात फक्त तिथे, बाण्याच्या दिशेने, एक-दोन पिक्सेलचे तुटक फटकारे द्या. उजेडात आणि अंधारात डोळ्याला धागे दिसतच नाहीत. राजा रविवर्म्यांच्या तैलचित्रांतले जरीचे काठ जवळून बघा. औंधच्या श्री भवानी संग्रहालयात त्यांची मूळ चित्रं आहेत, साताऱ्याकडे गेलात तर वाट वाकडी करा. लांबून सगळा काठ विणलेला वाटतो, जवळ गेलं की बराचसा मातकट रंग आणि मोजक्या जागी जाड पिवळे ठिपके.

कलर डॉज, म्हणजे खालचा रंग उजळवणारा ब्लेंडिंग मोड, सगळ्यात शेवटी. वेगळा लेयर, ओपॅसिटी ३० च्या आत, छोटा ब्रश, आणि फक्त जरीवर, तेही चेहऱ्याच्या जवळच्या दोन-तीन जागी. पूर्ण काळ्या रंगावर डॉज काहीच करत नाही आणि उजळ रंगावर लगेच जाळतो, म्हणून मधल्या व्हॅल्यूवरच तो शोभतो. साडीभर चांदण्या टाकायचा मोह होतो. गिऱ्हाईकही मागतं, ‘अजून ग्लिटर टाका ना’. मी थोडा डॉज वाढवते आणि त्याच्या शेजारची सावली दोन पायऱ्या खाली उतरवते. गिऱ्हाईक खूश होतं, चित्रही वाचतं.

तपासणी

सगळ्या लेयर्सच्या वर एक लेयर, त्यात काळा रंग भरा आणि ब्लेंडिंग मोड कलर करा. चित्र राखाडी होईल. आता डोळे बारीक करून बघा. साडीत उजळ, मधला आणि गडद असे तीन स्पष्ट गट दिसले पाहिजेत, आणि सगळ्यात उजळ जागा जरीची असली पाहिजे. चेहऱ्यापेक्षा गुडघ्यापाशी जास्त चमक असेल तर ती दाबा, पत्रिका नवरीची आहे. एम दाबून कॅनव्हास आरशात उलटवा, बाणाच्या विरुद्ध पडलेला हायलाइट लगेच डोळ्यात खुपतो. हनुवटीखाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला साडीच्या रंगाची फिकट झाक द्यायची राहिलीय का, तेही तेव्हाच बघते. रेशीम आपला रंग अंगावर टाकतंच.

उजेड खालून असेल, म्हणजे औक्षणाचं चित्र असेल, तर सगळं उलटं धरा: घडीच्या खालच्या अंगाला हायलाइट, वरच्या अंगाला अंधार. सावळाराम हळदणकरांचं दिवा हातात घेतलेल्या मुलीचं जलरंगचित्र आहे, मूळ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये, पण छापील प्रती सगळीकडे सापडतात. निरांजनाच्या उजेडासाठी मी दुसरा संदर्भ शोधत नाही.

बाकीची कापडं थोडक्यात. सॅटिन: हायलाइट रेशमापेक्षा रुंद, घड्या गुळगुळीत, अंधार तितकाच गडद. खणाचं ब्लाउज: चमक मंद, हायलाइटची व्हॅल्यू ६५ च्या पुढे नको, नाहीतर साडीशी भांडतं. नवरदेवाची मखमली शेरवानी मात्र उलट्या डोक्याची, समोरचा भाग गडद आणि कडा उजळ, कारण मखमलीचे तंतू उभे असतात आणि कडेला ते आडवे दिसतात. टिकल्यांचं काम: नव्वद टक्के टिकल्या विझलेल्या दाखवा.

फाइल देताना

छापील पत्रिका असेल तर व्ह्यू मेनूतलं सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू करून बघा. राणी रंग आणि मोरपंखी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांमध्ये, हमखास मंदावतात. चमक सॅच्युरेशनवर उभी केली असेल तर ती प्रेसमध्येच राहते, व्हॅल्यूवर उभी असेल तर कागदावर येते. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते आणि जरीचे बारीक फटकारे सगळ्यात आधी चिखल होतात.

आणि कोणी काठावर खरं सोनेरी फॉइल मारायचं म्हटलं तर आधीच नाही म्हणा. फॉइल सगळीकडे सारखंच चमकतं, खालची सगळी सावली झाकून टाकतं. फॉइल नावांना आणि गणपतीला ठेवा, आणि तेवढ्या भागाचा वेगळा लेयर शंभर टक्के काळ्यात करून प्रेसवाल्याला द्या. साचा त्यावरून बनतो.